टीएमएसची पहिली अपॉइंटमेंट: त्या दिवशी नेमकं काय होतं

प्रश्न विचारणाऱ्यांची परिस्थिती थोडक्यात अशी आहे. नैराश्यासाठी दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे महिने घेऊन झाली. थोडा फरक पडला, पण मन काही वर आलं नाही. आता डॉक्टरांनी टीएमएस (ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदूच्या ठरावीक भागाला उद्दीपित करणं) सुचवलं आहे आणि पुढच्या आठवड्यात पहिली अपॉइंटमेंट आहे. हा शॉकचाच प्रकार का, दुखतं का, किती वेळ लागतो, गोळ्या बंद करून जायचं का, बरोबर कोणाला न्यावं का, असं सगळं त्यांनी विचारलं आहे. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावी तशी एक ओळ आहे: "मला सहनच झालं नाही तर?"

माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे, बाकीचे त्याच्या पोटात येतात. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं हा उपचार देतो आहे. पहिल्या दिवशी येणारी बहुतेक माणसं 'काहीही झालं तरी हूं की चूं करायचं नाही' असं ठरवूनच खुर्चीत बसतात. नैराश्यात माणूस आधीच स्वतःला कमी लेखत असतो, त्यामुळे इथेही आपली परीक्षा आहे असं त्याला वाटतं. टीएमएसमध्ये हा निर्धार उपयोगाचा तर नाहीच, थोडा अडचणीचाच आहे. तुम्ही पूर्ण जागे असता. कॉइल (डोक्याला टेकवायचं, चुंबकीय स्पंद देणारं तारेचं वेटोळं) किती सरकवायची, तिचा कोन कसा ठेवायचा, जोर कधी वाढवायचा, हे बऱ्याच अंशी तुम्ही काय सांगता यावर ठरतं. जो माणूस गप्प बसून सोसतो, त्याची कॉइल चुकीच्या कोनात तशीच राहते.

काही तपशील केंद्रानुसार बदलतात, हे आधीच सांगतो. मशीन कोणतं, कॉइल कोणत्या प्रकारची, आजार नैराश्य आहे की ओसीडी (मंत्रचळ), यावर बरंच अवलंबून असतं. काही ठिकाणी पहिली अपॉइंटमेंट म्हणजे फक्त बोलणं आणि तपासणी असते. काही ठिकाणी त्याच बैठकीत मोजमाप होऊन पहिलं सेशनही दिलं जातं. आधी फोन करून तेवढं विचारून घ्या. दोन्ही असेल तर निदान दीड तास मोकळा ठेवा. पुढचं मी दोन्ही एकाच दिवशी आहे असं धरून लिहितो.

आधी शॉकचा विषय संपवू. लोक ज्याला शॉक म्हणतात ती ईसीटी. तिच्यात भूल देऊन डोक्यातून वीजप्रवाह सोडतात आणि देखरेखीखाली मुद्दाम फिट आणतात. ती फिट हाच तिथला उपचार असतो. (ईसीटीची भीतीसुद्धा पुष्कळशी अनाठायी आहे. अतितीव्र नैराश्यात, माणसाने खाणंपिणं सोडलेलं असताना, ती टीएमएसपेक्षा सरस ठरते. पण तो आजचा विषय नाही.) टीएमएसमध्ये भूल नाही, सुई नाही. फिट आणायची नसते, उलट ती येऊ नये म्हणूनच सगळी विचारपूस आणि मोजमाप चालतं. सेशन संपलं की माणूस उठून आपल्या पायाने घरी जातो आणि मधलं सगळं त्याला आठवत असतं.

यामागचं तत्त्व जुनं आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात वीजप्रवाह तयार होतो, हे मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं. इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ते माणसाच्या मेंदूवर वापरलं. कवटीला हात न लावता, बाहेरून चुंबकीय स्पंद देऊन त्यांनी हाताचे स्नायू हलवून दाखवले. आजची मशीनही तेच करतात. कॉइलमधून सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ मोठा प्रवाह जातो आणि कॉइलच्या पृष्ठभागाशी साधारण १.५ ते २ टेस्लाचं क्षेत्र तयार होतं. ताकद एमआरआयच्या तोडीची, पण जागा अगदी लहान. कातडी आणि हाड ते सहज पार करतं, मात्र अंतर वाढलं की झपाट्याने विरतं. नेहमीच्या, इंग्रजी आठच्या आकाराच्या कॉइलचा परिणाम दोन-तीन सेंटीमीटरच्या पलीकडे फारसा पोचत नाही. एक्स-रेसारखं रेडिएशन यात नसतं.

नैराश्यात सहसा कपाळाच्या मागे, डाव्या बाजूचा, थोडा वरचा भाग निवडतात. त्याचं नाव लांबलचक आहे: डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. भावनांचं नियमन करणारी खोलवरची केंद्रं या भागाशी जोडलेली असतात. खोलवर थेट पोचता येत नाही, म्हणून पृष्ठभागावरच्या या भागाला पुन्हा पुन्हा स्पंद देऊन ते सगळं जाळं हलवायचं, अशी ही कल्पना आहे. 'पुन्हा पुन्हा' हे महत्त्वाचं. एका दिवसात काही बदलत नाही, त्याकडे शेवटी येतो.

आता त्या दिवसाकडे. गेल्या गेल्या मशीन समोर येत नाही, आधी प्रश्न येतात. माझ्या दृष्टीने पहिल्या अपॉइंटमेंटचा सगळ्यात मोलाचा भाग हाच. पेशंटना मात्र तो कंटाळवाणा वाटतो आणि मान डोलवून ते पुढे सरकू पाहतात.

पहिला विषय धातूचा. डोक्यात किंवा मानेत काढता न येणारं काही आहे का? कानातलं कॉक्लियर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, मेंदूत बसवलेले इलेक्ट्रोड, कधीकाळी घुसलेला धातूचा कण. कॉइलपासून साधारण ३० सेंटीमीटरच्या आत चुंबकाला प्रतिसाद देणारं असं काही असेल, तर टीएमएस सहसा देत नाहीत, कारण ते तापू शकतं, सरकू शकतं किंवा बंद पडू शकतं. दातातली साधी फिलिंग सहसा चालते. पेसमेकर छातीत असतो, डोक्यापासून लांब, तरी तो कोणत्या प्रकारचा आहे हे बघून आणि हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवायचं. भुवया किंवा पापण्यांवर कायमचा मेकअप गोंदवलेला असेल तर तोही सांगा, कारण काही शाईंमध्ये धातू असतो. जुन्या ऑपरेशनचे कागद असतील तर बरोबर घ्या. 'काहीतरी प्लेट बसवली होती' एवढ्या माहितीवर कोणी जबाबदारीने पुढे जाऊ शकत नाही. प्लेट टायटॅनियमची निघाली तर प्रश्न पुष्कळदा मिटतो, पण ते कागदावर दिसायला हवं.

दुसरा विषय फिटचा. तुम्हाला कधी फिट आली आहे का, घरात कोणाला अपस्मार आहे का, डोक्याला मोठा मार लागून शुद्ध हरपली होती का, पक्षाघात किंवा मेंदूत गाठ असं काही? उत्तर 'हो' असलं म्हणजे दार बंद, असं नाही. पण धोका किती आणि फायदा किती, हे मग नव्याने तोलावं लागतं.

तिसरा विषय औषधांचा, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. गोळ्या बंद करून जायचं का, तर नाही. स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका, आणि नवी सुरूही करू नका. काही औषधं फिटचा धोका थोडा वाढवतात, उदाहरणार्थ बुप्रोपिऑन, क्लोझापिन, जुन्या पिढीतली ट्रायसायक्लिक औषधं. म्हणून ती आपोआप बाद होत नाहीत, पण डॉक्टरांना माहीत असली पाहिजेत. लोराझेपाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्यांचं उलटं आहे. त्या मेंदूला शांत ठेवतात, त्यामुळे टीएमएसचा गुण थोडा कमी येत असावा, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. हे कुठेतरी वाचून माणसं पहिल्या सेशनच्या दोन दिवस आधी या गोळ्या एकदम सोडून येतात. यापेक्षा वाईट तयारी नाही. या गोळ्या अचानक थांबवल्या की फिटचा धोका वाढतो, आणि नेमक्या त्याच वेळी आम्ही मेंदूला उद्दीपित करणार असतो. दारूचंही तसंच. रोज घेणाऱ्याने उपचाराच्या आदल्या दिवशी एकदम सोडणं धोक्याचं असतं, आणि भरपूर पिऊन येणंही. कमी करायचं असेल तर डॉक्टरांच्या हाताखाली, हळूहळू.

झोपेबद्दल विचारलं तर खरं सांगा. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसेल, तर मी पहिलं मोजमाप पुढे ढकलतो. अपुऱ्या झोपेत फिटचा धोका वाढतो, आणि मोजमापही नेहमीच्या दिवसाचं येत नाही. लोकांना वाटतं तारीख वाया गेली. मला वाटतं चुकीच्या आकड्यावर पुढचे कित्येक आठवडे घालवण्यापेक्षा एक दिवस गेलेला परवडला.

आणखी दोन गोष्टी विचारल्या नाहीत तरी सांगा. आयुष्यात कधी असा काळ येऊन गेला का, की झोप कमी असूनही अंगात प्रचंड उत्साह, डोक्यात विचारांची गर्दी, पैशांची उधळण? तसं असेल तर आजार बायपोलर, म्हणजे उदासी आणि अति उत्साह असे दोन्ही काळ येणारा, असू शकतो, आणि टीएमएस चालू असताना मन अति वर जाण्याकडे लक्ष ठेवावं लागतं. दुसरी गोष्ट गर्भारपणाची. चुंबकीय क्षेत्र डोक्यापुरतं असल्यामुळे ते पोटापर्यंत पोचत नाही, पण निर्णय घेण्याआधी डॉक्टरांना ठाऊक असायला हवं.

मग एखादी प्रश्नावली भरायला देतात. गेल्या दोन आठवड्यांत उदास किती वेळा वाटलं, झोप, भूक, लक्ष लागणं, मरणाचे विचार, असं सगळं त्यात असतं. ती घाईत भरू नका, आणि चांगलं दिसावं म्हणून आकडे कमी लिहू नका. पुढे आठवड्या-आठवड्याला तीच प्रश्नावली भरून आजच्या आकड्याशी ताडून बघायची असते. सुरुवातच खोटी असेल तर सुधारणा झाली तरी कागदावर दिसणार नाही. त्यानंतर संमतीपत्र. सही केल्यावरही कधीही 'आज नको' किंवा 'पुरे' म्हणता येतं.

आता खुर्ची. दंतवैद्याकडे असते तशी मागे कलणारी. कानातलं, चष्मा, केसांतल्या पिना, गळ्यातलं, श्रवणयंत्र काढून ठेवायला सांगतात. फोन, घड्याळ आणि बँकेची कार्डं लांब ठेवायची. केस धुऊन, कोरडे, जेल किंवा तेल न लावता या, म्हणजे मोजमापासाठी डोक्यावर चढवायची टोपी सरकत नाही. दोन्ही कानांत इअरप्लग घालायचे, कारण प्रत्येक स्पंदाबरोबर कॉइलमधून टक्‌ असा कडक आवाज येतो. वाटतो त्यापेक्षा तो कानाला जास्त जड असतो. 'मला चालेल' म्हणून इअरप्लग टाळू नका, आणि सैल होऊन निघाला तर तिथल्या तिथे थांबायला सांगा.

डोक्यावर एक घट्ट कापडी टोपी चढवून टेक्निशियन टेपने मापं घेतात: नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, आणि डोक्याचा घेर. या तीन मापांवरून डाव्या बाजूची जागा गणिताने काढता येते. पूर्वी अंगठा हलवणाऱ्या जागेपासून सरळ पाच सेंटीमीटर पुढे मोजायचे. डोकी लहानमोठी असतात, त्यामुळे तो ठोकताळा काहींच्या बाबतीत चुकायचा. काही केंद्रांत आधी काढलेल्या एमआरआयवरून, कॅमेऱ्याच्या मदतीने जागा ठरवतात. ते जास्त अचूक असतं, पण ते नसलं म्हणून उपचार कच्चा, असं मी म्हणणार नाही. टेप घेऊन नीट मोजणारा टेक्निशियन पुष्कळ काम करून जातो.

यानंतर येतं मोटर थ्रेशोल्ड. पहिल्या दिवसातला सगळ्यात विचित्र भाग हाच, आणि याबद्दल आधी कोणी सांगितलेलं नसलं तर माणूस दचकतो.

प्रत्येकाचा मेंदू किती जोराच्या स्पंदाला प्रतिसाद देतो हे वेगळं असतं. कवटीची जाडी, मेंदू आणि कवटीमधलं अंतर, चालू असलेली औषधं, झोप, सगळ्याचा परिणाम होतो. मग तुमच्यासाठी जोर किती ठेवायचा? कपाळामागच्या ज्या भागावर उपचार करायचा, तिथे स्पंद दिला तर बाहेरून दिसेल असं काहीच होत नाही. म्हणून आधी जरा मागे, स्नायू हलवणाऱ्या पट्ट्यावर कॉइल ठेवतात. डाव्या बाजूला योग्य जागी स्पंद बसला की उजव्या हाताचा अंगठा आपोआप टुणकन हलतो. तुम्ही हलवत नाही, तो हलतो. आपलाच अंगठा आपल्याला न विचारता उडताना बघून कोणी हसतं, कोणाला धस्स होतं. दोन्ही साहजिक आहे.

या वेळी हात मांडीवर सैल सोडून बसायचं. स्नायू ताणलेला असेल तर तो कमी जोरातच हलतो आणि आकडा चुकीचा येतो. एकेक सुटा स्पंद देत टेक्निशियन कॉइल थोडी इकडे, थोडी तिकडे करतात. मधूनच खांदा हलेल, मनगट हलेल, चेहरा आखडेल. म्हणजे शेजारच्या जागा लागताहेत. मग सगळ्यात चांगली जागा सापडली की जोर हळूहळू कमी करत जातात. दहा स्पंदांपैकी निदान पाच वेळा अंगठा हलतो असा सगळ्यात कमी जोर, तो तुमचा थ्रेशोल्ड. काही ठिकाणी नुसतं डोळ्यांनी बघतात, काही ठिकाणी हाताला छोटे इलेक्ट्रोड चिकटवून स्क्रीनवर बघतात. दहा मिनिटांत होईल किंवा अर्धा तासही लागेल. वेळ लागला म्हणजे तुमच्या मेंदूत काही बिघाड आहे, असं मुळीच नाही. थ्रेशोल्ड जास्त निघाला म्हणजे आजार जास्त, असंही नाही. हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की आता मी तो विचारायच्या आधीच उत्तर देऊन टाकतो.

मग कॉइल पुढे सरकते आणि खरा उपचार सुरू होतो. नैराश्यासाठी बहुतेकदा जोर थ्रेशोल्डच्या १२० टक्के ठेवतात. मशीनच्या पट्टीवर थ्रेशोल्ड ५० निघाला तर उपचार ६० वर. पण पहिल्या दिवशी थेट तिथे जायची गरज नसते. मी कमी जोरावर सुरू करून, माणूस सरावेल तसा तो पहिल्या काही दिवसांत वर नेतो. तुमच्या केंद्रात असं करतात का, हे आधी विचारा. नसतील करत तर तशी विनंती करा. ती रास्त आहे.

वाटतं कसं? कोणीतरी एकाच जागी भराभर टिचक्या मारत असल्यासारखं. काही सेकंद टिचक्यांची मालिका, मग थांबा, पुन्हा मालिका. थोडंफार दुखणं हे टाळूच्या कातडीतलं, तिथल्या स्नायूंचं आणि नसांचं असतं. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. कपाळाजवळची जागा असल्यामुळे भुवई फडफडते, डोळा मिचकतो, कधी दातावर दात आपटतात. चेहऱ्याच्या नसेला स्पंद लागला तर दातात किंवा डोळ्याच्या मागे सणक जाते.

आणि इथेच ती सोसण्याची सवय आड येते. 'थोडं दुखतंय' असं मोघम न सांगता जागा सांगा: भुवईत, दातात, डोळ्याच्या वर. दहापैकी किती तेही सांगा. दातात सणक जात असेल तर कॉइल काही अंश फिरवली तरी पुष्कळदा ती निम्म्याने कमी होते. कॉइल आणि डोकं यांत पातळ फोमचा तुकडा ठेवता येतो, दातांमध्ये मऊ गार्ड देता येतं, मालिकांमधला थांबा वाढवता येतो, जोर खाली आणता येतो. हे सगळं करता येण्यासाठी कुठे आणि किती, ते आम्हाला कळावं लागतं. बोलायला जमत नसेल तर हात वर करायचा, अशी खूण आधीच ठरवून घ्या. तुमच्याशी कोणी खूण ठरवली नाही तर तुम्ही विषय काढा. हात वर झाला की मशीन ताबडतोब थांबतं, आणि थांबलेलं सेशन पुन्हा सुरूही करता येतं. 'सहन झालं नाही तर' याचं खरं उत्तर हे आहे. बहुतेकांना पहिल्या आठवड्यानंतर टाळूला सवय होते. थोड्या लोकांना सगळे बदल करूनही जमत नाही, तेव्हा उजव्या बाजूला संथ गतीचे स्पंद देण्याचा पर्याय असतो. ते अंगावर सौम्य पडतात.

वेळेचं गणित कोणता प्रोटोकॉल आहे त्यावर. मूळ पद्धतीत सेकंदाला १० स्पंद, चार सेकंद चालू आणि २६ सेकंद थांबा, असे ३००० स्पंद ३७.५ मिनिटांत देतात. थांबा कमी करून हेच काम जेमतेम १९ मिनिटांत करण्याची पद्धतही रुळली आहे. थीटा बर्स्ट नावाच्या पद्धतीत ६०० स्पंद तीन मिनिटांच्या थोडं वर एवढ्या वेळात संपतात. एवढ्याशा वेळात काय होणार, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या ४१४ रुग्णांच्या अभ्यासात ही तीन मिनिटांची पद्धत ३७.५ मिनिटांच्या पद्धतीपेक्षा कमी पडली नाही. फक्त सेशन चालू असतानाचं दुखणं किंचित जास्त नोंदवलं गेलं. तेव्हा तुमचं सेशन तीन मिनिटांत संपलं तर फसवलं गेल्यासारखं वाटून घेऊ नका.

हेल्मेटसारखी कॉइल असेल तर अनुभव थोडा वेगळा असतो. ती जास्त खोल आणि जास्त पसरट काम करते. ओसीडीसाठी अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१८ मध्ये पहिल्यांदा मान्यता दिली ती अशाच कॉइलला. नैराश्यासाठी साध्या कॉइलला तिथे २००८ मध्येच मान्यता मिळाली होती.

सेशनमध्ये झोपू नये. डोकं कलंडतं आणि कॉइल जागेवरून हलते. गप्पा मारल्या तर चालतात, मधल्या थांब्यांत.

फिटबद्दल आकडा सांगतो, कारण न सांगितलेला धोका मनात मोठा होतो. नियम पाळून उपचार दिला तर हजार रुग्णांमागे एकापेक्षाही कमी जणांना फिट येते. आलीच तर ती सेशन चालू असतानाच येते, सहसा मिनिटभरात थांबते, आणि तिथल्या माणसांना काय करायचं ते शिकवलेलं असतं. त्यापेक्षा जास्त वेळा दिसते ती साधी भोवळ. घाबरलेला, उपाशी पोटी आलेला माणूस पहिल्या दिवशी पांढराफटक पडतो, घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. खुर्ची मागे टेकवून पाय वर केले की बरं वाटतं. म्हणून खाऊन, पाणी पिऊन या. गरगरतंय असं वाटलं की लगेच सांगा.

सेशननंतर डोकं दुखू शकतं, टाळू हुळहुळी होऊ शकते. नेहमी चालणारी साधी वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून घेता येते, काहीजण तर सेशनच्या आधीच घेतात. गाडी चालवता येते, कामावर जाता येतं. तरी पहिल्या दिवशी लगेच महत्त्वाची मीटिंग ठेवू नका. थकवा मशीनपेक्षा धास्तीचाच जास्त असतो.

बरोबर कोणाला नेणं सक्तीचं नसतं, पण पहिल्या दिवशी न्या, असं मी म्हणेन. आधार हवा म्हणून तर न्याच. शिवाय नैराश्यातल्या माणसाला स्वतःचं मागचं नीट आठवत नाही. कोणती गोळी किती महिने घेतली, तो अति उत्साहाचा काळ खरंच होता का, झोपेत कधी हातपाय झटकले होते का, हे घरच्या माणसाला जास्त ठाऊक असतं. पुढे सुधारणाही पहिल्यांदा त्यांनाच दिसते. पेशंट 'काही फरक नाही' म्हणत असतो आणि शेजारचा माणूस सांगतो की हल्ली फोन आला की घेतात.

आता शेवटचं: गुण किती आणि कधी. पहिल्या दिवशी मनाला काहीही वाटणार नाही. अगदी हलकं वाटलं तरी ते एक काम पार पडल्याचं असतं. साधारणपणे आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे उपचार चालतो. बहुतेकांना फरक कळायला दोन-तीन आठवडे जातात, काहींना चौथ्या आठवड्यानंतर कळतो. अमेरिकेतल्या ४२ केंद्रांमधल्या ३०७ रुग्णांच्या २०१२ मधल्या अभ्यासात, डॉक्टरांच्या मूल्यमापनानुसार ५८ टक्के लोकांना ठळक सुधारणा झाली आणि ३७ टक्क्यांची लक्षणं जवळजवळ गेली. हे आकडे जाहिरातीत आवडीने छापतात. पण त्यात तुलनेला खोटा उपचार, म्हणजे नुसता उपचाराचा देखावा, घेणारा गट नव्हता. तसा गट असलेल्या २०१० मधल्या एका मोठ्या चाचणीत पूर्ण बरं होण्याचं प्रमाण खऱ्या उपचारात १४ टक्के आणि खोट्यात ५ टक्के आलं होतं, तेही तीनच आठवड्यांच्या मुख्य टप्प्यात. फरक खरा आहे, पण चमत्कार नाही. दोन औषधं झालेल्या माणसाला मी हा उपचार न कचरता सुचवतो. मात्र 'शंभर टक्के खात्री' देणाऱ्या कोणाकडेही पाठवत नाही. पाच दिवसांत रोज दहा सेशन देणारी एक जलद पद्धतही आहे. तिला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली, पण ती सगळीकडे उपलब्ध नाही आणि तिचं वेळापत्रक वेगळं असतं.

निघण्याआधी तीन-चार गोष्टी विचारून, लिहून घ्या. माझा थ्रेशोल्ड किती निघाला आणि उपचार किती टक्क्यांवर आहे? तो पुन्हा कधी मोजणार? मध्येच औषध बदललं तर फोन कोणाला करायचा, कारण बदललेल्या औषधाबरोबर थ्रेशोल्डही बदलू शकतो. एखादा दिवस चुकला तर काय? एक-दोन दिवसांनी बिघडत नाही, पण पुन्हा पुन्हा खंड पडला तर गुण घटतो. म्हणून तारखा ठरवताना सहा आठवड्यांचं कॅलेंडर समोर ठेवा आणि रोज जमेल अशीच वेळ घ्या, सोयीची वाटते म्हणून भल्या पहाटेची नको.

आणि टीएमएस सुरू झालं म्हणून बाकीची काळजी थांबत नाही. गुण यायच्या आधीच्या आठवड्यांत मरणाचे विचार वाढले, किंवा त्याची तयारी करावीशी वाटू लागली, तर पुढच्या सेशनची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला गाठायचं, घरच्यांना सांगायचं. रात्री-अपरात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा, तो नंबर पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि बरोबर आलेल्या माणसाच्या फोनमध्येही टाका.